कै. दादासाहेब खापर्डे : वऱ्हाडांतील एका वकिलाचें चरित्र व त्याचीं साधनें

(१)

जुन्या घराण्यांतील कागद पाहावयास गेलें म्हणजे संग्राहकाची दृष्टि प्रथम सनदांकडे वळते. शिक्कामोर्तब, मोडीचें वळण आणि सालाचा आंकडा पाहून तो एक एक कागद निवडतो. आणि त्याच रुमालांत बांधलेल्या वकिलाच्या टिपणवह्या, कैफियतींच्या नकला, अशिलांचीं पत्रें व घरखर्चाच्या कीर्दी बाजूस सारतो. शंभर-सवाशें वर्षांच्या ह्या कागदांस जुने म्हणण्याची संवय आपणांस अजून लागलेली नाहीं. त्यामुळें सनद संग्रहांत जाते आणि वकिलाचें दप्तर रद्दींत जातें. अकोल्याच्या जुन्या शहरांत बसून वऱ्हाडच्या इतिहासाचीं साधनें गोळा करणारांस हा प्रश्न आतां टाळतां येण्यासारखा राहिलेला नाहीं. इंग्रजी अमलांतील वऱ्हाडचें सार्वजनिक जीवन ज्या पिढीनें घडविलें, तिच्या अग्रभागीं वकील मंडळी होती. आणि तिचीं उरलींसुरलीं दप्तरें आज नातवंडांच्या व पणतवंडांच्या हातांत आहेत.

प्रस्तुत लेखांत अमरावतीचे कै. गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे यांचें उदाहरण घेऊन आम्ही एवढेंच दाखविणार आहों कीं, न्यायसभेंत नांव मिळविलेल्या वकिलाचें चरित्र कोणत्या साधनांवर उभें राहतें, आणि तींच साधनें त्याच्या घरची हकीकत कशी राखून ठेवतात. खापर्डे यांच्या राजकारणाविषयीं ग्रंथांतरीं पुष्कळ माहिती आहे. येथें त्यांचें स्मरण करावयाचें आहे तें मुख्यतः वकील व कुटुंबवत्सल गृहस्थ ह्या नात्यानें.

(२)

वकिलाची कीर्ति फार लवकर विरते. कवीचें काव्य मागें राहतें, शास्त्र्याचा ग्रंथ मागें राहतो, गवंड्याची भिंतसुद्धां दोन-तीन पिढ्या उभी असते. जिल्हाकोर्टांत उलटतपासणी करून साक्षीदाराचें असत्य उघडें पाडणाऱ्या वकिलाचें कौशल्य मात्र ऐकणाऱ्यांच्या स्मरणापुरतेंच जिवंत असतें. जबानी उतरून घेण्याची रीत बहुधा अशी कीं, साक्षीदाराचें उत्तर सलग कथनाच्या रूपानें लिहिलें जातें व वकिलाचा प्रश्न गळून पडतो. मिसलीवरून साक्षीदार काय म्हणाला तें कळतें. त्यास तें म्हणावयास कोणी व कसें लावलें हें कळत नाहीं. निकालपत्रांच्या छापील मालिका पाहाव्या तर त्यांत येतात ते वरिष्ठ कोर्टांतील अपिलांचे निकाल. त्यांत कायद्याचा मुद्दा असतो व वकिलांचीं नांवें असतात. मूळ खटला उभा करण्यांत गेलेल्या रात्रींचा मागमूस तेथें लागत नाहीं.

शिवाय कोर्टाचें दप्तरहि चिरंजीव नसतें. दप्तरांतील निरुपयोगी कागद नष्ट करण्याविषयींचा १८७९ चा कायदा व पुढें त्याच्या जागीं आलेला १९१७ चा कायदा यांनीं कागदांच्या मुदती ठरविण्याचे नियम करण्याचा अधिकार वरिष्ठ न्यायालयांस दिला. हुकूमनामा व निकाल दीर्घकाळ जपले जातात. समन्सें, तहकुबीचे अर्ज, किरकोळ कामांतील जबान्या हे कागद मुदत भरतांच जातात. कोर्टाच्या दृष्टीनें ही व्यवस्था रास्तच आहे, कारण दप्तरखान्याच्या भिंती वाढवितां येत नाहींत. परंतु त्यामुळें जें कोर्टांत नाहीं तें वकिलाच्या घरीं असण्याचा संभव वाढतो, हें संग्राहकानें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

वऱ्हाडच्या बाबतींत आणखी एक अडचण आहे. १८५३ च्या तहानें हा प्रांत निजामाकडून कंपनी सरकारच्या कारभाराखालीं आला, तरी त्याचें स्वामित्व नांवाला निजामाकडेच राहिलें. म्हणून ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथें आपोआप लागू होत नसत. ते जाहिरनाम्यानें लागू करावे लागत. वरिष्ठ देखरेख हैदराबादच्या रेसिडेंटाकडे होती. १९०२ सालीं कायमच्या पट्ट्याचा करार झाला, १९०३ मध्यें वऱ्हाड मध्यप्रांतास जोडला गेला, १९३६ सालीं नागपूर येथें हायकोर्ट स्थापन झालें, आणि १९५६ नंतर हा मुलूख मुंबई राज्यांत व १९६० पासून महाराष्ट्रांत आला. कारभाराचें केंद्र इतक्या वेळां बदलल्यावर त्याचे कागद हैदराबाद, नागपूर, मुंबई व दिल्ली अशा ठिकाणीं विखुरले जाणें क्रमप्राप्तच होतें. एका वऱ्हाडी वकिलाची चाळीस वर्षांची वकिली एका जागीं पाहावयाची असेल तर ती त्याच्या स्वतःच्या दप्तरांतच पाहावी लागेल.

अकोला हें कांहीं काळ पश्चिम वऱ्हाडचें मुख्य ठाणें होतें, तर अमरावती पूर्व वऱ्हाडचें. मोर्णेच्या पश्चिम तीरावर असदगड, जुन्या वेशी व राजराजेश्वराचें देऊळ यांच्या आसऱ्यानें वसलेलें जुनें शहर, आणि पूर्व तीरावर ताजनापेठ व सरकारी कचेऱ्या, अशी अकोल्याची रचना इंग्रजी अमलांत झाली. १८६७ सालीं भुसावळकडून नागपूरपर्यंत आगगाडी सुरू झाल्यावर अकोला व बडनेरा हीं एकाच लोहमार्गावरील ठाणीं झालीं, आणि एका जिल्ह्यांतील वकिलास दुसऱ्या जिल्ह्यांत काम चालविणें सोयीचें झालें. अमरावतीच्या वकिलाचें चरित्र अकोल्यास परकें नाहीं, तें ह्या कारणास्तव.

(३)

खापर्डे यांचा जन्म २७ ऑगस्ट १८५४ रोजीं वऱ्हाडांतील इंगरोली ह्या गांवीं झाला. ही तारीख शके १७७६ च्या भाद्रपद शुद्ध चतुर्थीशीं जुळते. जन्म गणेशचतुर्थीचा म्हणून नांव गणेश. वार काढून पाहिला असतां रविवार येतो. वडील श्रीकृष्ण नरहर हे अत्यंत गरिबींतून वर येऊन सरकारी नोकरींत मामलतीच्या हुद्द्यापर्यंत पोंचले होते. मुलाचें शिक्षण नागपूर व अमरावती येथें होऊन पुढें मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत झालें. १८७७ सालीं ते बी. ए. झाले व १८८४ मध्यें एलएल. बी. झाले. संस्कृताची गोडी त्यांस विद्यार्थिदशेंतच लागली व ती अखेरपर्यंत टिकली. विद्यारण्यांच्या पंचदशीवर ते अधिकारानें बोलत. १८८५ ते १८९० पर्यंत त्यांनीं वऱ्हाडांत मुनसफ व एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर ह्या जागांवर काम केलें. नंतर नोकरी सोडून १८९० सालीं अमरावतीस वकिली आरंभिली.

ह्या क्रमांत एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. वकिली सुरू करण्यापूर्वीं पांच वर्षें त्यांनीं न्यायासनाच्या बाजूनें साक्षीदार पाहिले होते. साक्षीदार कोठें अडखळतो, पाटील-कुळकर्ण्यांची साक्ष कोणत्या वळणानें जाते, पंचनामा जागेवर झाला कीं चावडींत बसून लिहिला गेला, ह्या गोष्टी मुनसफास रोज पाहाव्या लागतात. असा अनुभव घेऊन जो वकिलीच्या बाकावर येऊन बसतो, त्यास न्यायाधीशाच्या मनांतील शंका आधींच ओळखतां येतात. खापर्डे यांची वकिली थोड्याच वर्षांत भरभराटीस आली, तिचें एक कारण आम्हांस ह्यांत दिसतें.

त्या काळीं अमरावतीस वकिलांचा जो मेळा जमला होता तसा मोफसलांत क्वचितच जमला असेल. रंगनाथ नरसिंह मुधोळकर हे १८५७ सालीं धुळ्यास जन्मलेले गृहस्थ तेथेंच वकिली करीत. १९१२ सालीं बांकीपूर येथें भरलेल्या राष्ट्रीय सभेचे ते अध्यक्ष झाले. मोरोपंत विश्वनाथ जोशी हेहि तेथलेच. पुढें ते मध्यप्रांत सरकारांत गृहखात्याचे सभासद झाले व त्यांस सर हा किताब मिळाला. १८९७ च्या डिसेंबरांत सर शंकरन् नायर यांच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रीय सभा अमरावतीस भरली, तेव्हां स्वागतमंडळाचें अध्यक्षपद खापर्डे यांजकडे होतें. पुढें मुधोळकर व जोशी नेमस्त पक्षांत राहिले व खापर्डे टिळकांच्या पक्षांत गेले. व्यासपीठावर परस्परविरुद्ध उभे राहणारे हे लोक एकाच न्यायालयांत वावरत असत. राजकीय इतिहास ह्यांच्या भांडणांची नोंद ठेवतो. त्यांचा रोजचा व्यवहार कसा चाले हें समजावयास त्यांच्या घरचे कागदच पाहावे लागतील.

खापर्डे यांचें घर मोठें होतें आणि हातहि मोठा होता. पाहुणे, विद्यार्थी, गवई, नाटकवाले, साधुबैरागी यांचा राबता त्या घरीं सतत असे. ‘वऱ्हाडचे नबाब’ हें त्यांचें टोपणनांव ह्या औदार्यावरून पडलें. विनोदी वक्ते म्हणून त्यांची ख्याति सर्वत्र होती. १९०५ सालीं मुंबईस भरलेल्या पहिल्या नाट्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांस मिळालें, ह्यावरून त्यांच्या रसिकतेचा लौकिक किती दूर गेला होता हें दिसून येतें.

(४)

वकिलाची खरी परीक्षा तो स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभा राहतो तेव्हां होते. खापर्डे यांजवर हा प्रसंग ताईमहाराज प्रकरणांत आला. पुण्याचे सरदार वासुदेव हरिहर ऊर्फ बाबामहाराज पंडित हे ऑगस्ट १८९७ मध्यें वारले. त्यांनीं मृत्युपत्र करून आपल्या दौलतीची व्यवस्था विश्वस्तांकडे सोंपविली होती. त्या विश्वस्तांत लोकमान्य टिळक व खापर्डे हे दोघेहि होते. मृत्युपत्राप्रमाणें विधवा पत्नी ताईमहाराज यांनीं विश्वस्तांच्या संमतीनें दत्तक घ्यावयाचा होता. जून १९०१ मध्यें विश्वस्त मंडळी ताईमहाराजांसह औरंगाबादेस गेली. तेथें घराण्याच्या निधोणें येथील शाखेंतील जगन्नाथ हा मुलगा दत्तक घेण्यांत आला. पुढें ताईमहाराजांचें मन फिरलें, त्यांनीं कोल्हापूरकडील मुलगा दत्तक घेतला, आणि औरंगाबादचें दत्तविधान झालेंच नाहीं असा वाद उभा राहिला.

हा वाद चौदा वर्षें चालला. टिळकांवर फौजदारी खटला होऊन १९०३ सालीं त्यांस शिक्षा झाली. १९०४ मध्यें मुंबई हायकोर्टानें ती रद्द केली. दिवाणी दाव्यांत खालच्या कोर्टानें विश्वस्तांच्या बाजूनें निकाल दिला. १९१० सालीं हायकोर्टानें तो फिरविला. आणि १९१५ च्या मार्चमध्यें प्रिव्ही कौन्सिलनें पुनः विश्वस्तांचा पक्ष खरा ठरविला. मुद्दा वरकरणीं दत्तकाचा होता. वस्तुतः टिळक, खापर्डे व त्यांचे सहकारी खरें बोलतात कीं संगनमतानें खोटें बोलतात, हा होता. हायकोर्टानें त्यांच्या साक्षींवर अविश्वास दाखविला होता. प्रिव्ही कौन्सिलनें तें मत कडक शब्दांत खोडून काढलें. तेव्हां खापर्डे साठ वर्षांचे होते. ज्याचा सारा धंदा दुसऱ्याची साक्ष तोलण्याचा, त्याच्या स्वतःच्या साक्षीचें वजन ठरावयास चौदा वर्षें लागावीं, हा प्रसंग साधा नव्हे. वकिलास धन दोन वर्षें न मिळालें तरी चालतें. बोलण्यावरचा विश्वास उडाला तर त्याचा धंदाच बसतो.

ह्या प्रकरणांतून इतिहास-संशोधकानें घेण्यासारखा एक धडा आहे. १८७२ चा पुराव्याचा कायदा १ जुलै २०२४ पर्यंत आपल्या देशांत अमलांत होता. त्याच्या १५९ व्या कलमान्वयें साक्षीदारास गोष्ट घडली त्या वेळीं स्वतः लिहिलेलें टिपण पाहून स्मरण ताजें करण्याची मुभा असे. नव्या कायद्यांतहि हें तत्त्व कायम आहे. नंतरच्या आठवणीपेक्षां त्या वेळचा लेख अधिक विश्वसनीय, हा जो नियम आपण बखर व पत्र यांची तुलना करतांना लावतों, तोच कोर्टांत रोज लावला जातो. आपल्या असदगडाचेंच उदाहरण घ्या. एक शिलालेख म्हणतो कीं, औरंगझेबाच्या कारकीर्दींत, नबाब असदखानाच्या वेळीं, ख्वाजा अब्दुल लतीफ यानें हें काम केलें. दुसरा मराठी लेख म्हणतो कीं, किल्ला १८४३ सालीं गोविंद आप्पाजी यानें बांधला. दोन्ही साक्षीदार दगडाचे आहेत, म्हणून दोघांसहि खोटें ठरविणें सोपें नाहीं. कोणता लेख कोणत्या कामाविषयीं बोलतो, मूळ बांधणीविषयीं कीं दुरुस्तीविषयीं, हें विचारणें हीच येथें उलटतपासणी होय. चांगला वकील व चांगला संशोधक यांचें घराणें एकच आहे.

(५)

१९०८ च्या जुलैंत टिळकांस सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यावर प्रिव्ही कौन्सिलकडे दाद मागण्याच्या कामीं खापर्डे त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें विलायतेस गेले व १९१० पर्यंत तेथें राहिले. अपिलाची परवानगी मिळाली नाहीं. तरी पार्लमेंटच्या सभासदांस व लोकांस ही बाजू समजावून देण्याचा उद्योग त्यांनीं चालू ठेविला. परततांना ते ब्रह्मदेशांत उतरले व मंडालेच्या तुरुंगांत टिळकांस भेटून मग घरीं आले.

दोन वर्षांहून अधिक काळ धंदा बंद ठेवणें म्हणजे काय हें वकिलाच्या घरच्या माणसांसच विचारावें. अशील वाट पाहत नाहीं. त्याचा खटला तारखेवर उभा असतो, तो दुसऱ्या वकिलाकडे जातो. एकदां गेलेलें कूळ परत येईलच असा भरंवसा नसतो. इकडे घराचा खर्च कमी होत नाहीं, कारण नबाबाच्या दारीं येणारा पाहुणा नबाबाची कमाई विचारून येत नाहीं. ह्या काळांत घर सांभाळलें तें खापर्डे यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं. चरित्रकारांस वकिलाची विलायतयात्रा दिसते. तिचा भार घरच्या मागल्या दारीं कोणी वाहिला हें फारसें दिसत नाहीं. अशा घरांतील त्या वर्षांच्या कीर्दी हातीं लागल्या तर त्यांतील किराण्याची, दुधाची व उसनवारीची रकम हीच त्या त्यागाची खरी मोजदाद ठरेल.

डिसेंबर १९१० मध्यें खापर्डे प्रथम शिर्डीस श्रीसाईबाबांच्या दर्शनास गेले. पुनः डिसेंबर १९११ मध्यें गेले ते मार्च १९१२ पर्यंत तेथेंच राहिले. लक्ष्मीबाईंचा मुक्काम त्यांच्याहून लांबला. श्रीसाईसच्चरितांत त्या सात महिने राहिल्याचें सांगितलें आहे. धाकटा मुलगा तेथें आजारी पडून त्यास प्लेगाची गांठ आल्याची व आई घाबरून परत अमरावतीस निघावयास तयार झाल्याची हकीकतहि त्याच ग्रंथांत आहे. भक्त ह्या कथेंत बाबांची कृपा पाहतात. चरित्रकारानें त्याबरोबर आणखी एक गोष्ट पाहावी: प्रांतांतील अग्रगण्य वकील धंद्याच्या ऐन उमेदींत महिनेच्या महिने कोर्टापासून दूर आहे, आणि आजारी मुलाच्या उशाशीं बसलेली आई परक्या गांवीं निर्णय करीत आहे. घरावर आलेल्या ताणाची ही साक्ष आहे, व ती ग्रंथकारानें वेगळ्याच हेतूनें लिहिलेली असल्यामुळें अधिक विश्वसनीय आहे.

पुढें खापर्डे यांनीं पुनः वकिली केली, होमरूलच्या चळवळींत टिळकांबरोबर काम केलें, दिल्लीच्या वरिष्ठ कायदेमंडळांत व नंतर १९२५ पर्यंत कौन्सिल ऑफ स्टेटमध्यें ते सभासद होते. १९२८ सालीं लक्ष्मीबाई वारल्या. त्यानंतर दहा वर्षांनीं, १ जुलै १९३८ रोजीं, अमरावतीस खापर्डे यांचा अंत झाला. त्यांचे चिरंजीव बाळकृष्ण गणेश ऊर्फ बाबासाहेब खापर्डे यांनीं वडिलांचें मराठी चरित्र लिहिलें; तें १९६२ सालीं प्रसिद्ध झालें. वडिलांचीं कागदपत्रें जपणें व त्यांवरून चरित्र लिहिणें हें पुत्रकर्तव्य म्हणून ज्या घरांत केलें गेलें, त्या घराविषयीं वाचकांस आणखी निराळें सांगावयास नको.

(६)

आतां मुख्य साधनाकडे वळूं. खापर्डे यांनीं आयुष्यभर इंग्रजींत रोजनिशी लिहिली. तिच्या चाळीसांहून अधिक वह्या दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत सुरक्षित आहेत. शिर्डीच्या मुक्कामाचा भाग श्रीसाईलीला मासिकांतून छापला गेला व त्यामुळें तो महाराष्ट्रांत घरोघर पोंचला. उरलेला फार मोठा भाग संशोधकांखेरीज इतरांस अपरिचित आहे.

प्रसिद्ध भागावरून ह्या रोजनिशीची धाटणी कळते. पहाटे उठणें, प्रार्थना, कोण भेटावयास आलें, कोणता ग्रंथ वाचला, कोणाचीं पत्रें आलीं, रात्रीं गोष्टी किती वेळ चालल्या, असा नेमाचा क्रम असतो. मनांतील खळबळ सहसा कागदावर येत नाहीं. कित्येकांस हें नीरस वाटतें. आमच्या मतें वकिलाची रोजनिशी वाचण्याची रीत निराळी आहे. राजद्रोहाच्या खटल्यांच्या त्या दिवसांत लिहिलेला कागद केव्हां पोलिसांच्या हातीं पडेल याचा नेम नव्हता. आणि कागदाचा पुरावा कसा होतो हें वकिलाइतकें कोणास ठाऊक असणार? त्यामुळें तो जें लिहितो तें मोजून लिहितो. त्याच्या मौनाचा अर्थ लावतांना घाई करूं नये, व त्यानें नोंदलेल्या तारखेस मात्र पूर्ण वजन द्यावें.

तारखेचें हें वजन अकोल्याच्या एका उदाहरणानें स्पष्ट होईल. दासगणूंनीं १९३९ सालीं रचलेल्या श्रीगजाननविजय ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायांत, लोकमान्य टिळकांच्या उपस्थितींत अकोल्यास झालेल्या शिवजयंतीच्या उत्सवाचें वर्णन आहे. तेथें जमलेल्या मंडळींत दामले, कोल्हटकर व खापर्डे हीं नांवें येतात. पोथी भक्तीसाठीं रचलेली असते व ती प्रसंगानंतर बऱ्याच वर्षांनीं रचलेली आहे. परंतु तिनें दिलेल्या नांवांपैकीं एक गृहस्थ रोजनिशी लिहिणारा आहे, ही संशोधकास मोठी अनुकूलता होय. त्या दिवसांचीं पानें ताडून पाहण्याची वाट मोकळी आहे. त्याच न्यायानें यादींतील इतर मंडळींच्या घरच्या कागदांचाहि शोध व्हावयास पाहिजे. कारण त्यांची पत्रें येथेंच, मोर्णेच्या दोहों तीरांवर, असण्याचा संभव अधिक.

रोजनिशीचा आणखी एक गुण सांगितला पाहिजे. कोर्टाची मिसल माणसास वकील म्हणूनच ओळखते आणि सनद त्यास वतनदार म्हणून. रोजनिशींत एकाच पानावर पक्षकाराची भेट, मुलाचा ताप व रात्रींचें पंचदशीचें वाचन शेजारीं-शेजारीं बसतात. माणूस जगतो तसा तो तेथेंच दिसतो. वकिलाचें चरित्र व गृहस्थाचें चरित्र अशीं दोन प्रकरणें पाडण्याची आपली जी पद्धति आहे, तिला खुद्द त्याच्याच लेखांत आधार मिळत नाहीं.

(७)

खापर्डे यांचे कागद टिकले. कारण नांव मोठें होतें, घरांत जाण होती, आणि दिल्लीचें दप्तर त्यांस मिळालें. ज्यांचीं नांवें प्रांताबाहेर गेलीं नाहींत अशा वकिलांचें काय? अकोला, मूर्तिजापूर, बाळापूर, आकोट, वाशीम येथील कोर्टांत तीस-तीस वर्षें कामें चालवून, भावंडांचीं शिक्षणें व मुलींचीं लग्नें करून निघून गेलेल्या प्रामाणिक वकिलांचें स्मरण त्यांच्या घरच्या एखाद्या ट्रंकेंत पडलेलें असतें. घराची वांटणी झाली किंवा वाडा पाडावयाचा ठरला म्हणजे ती ट्रंक प्रथम अंगणांत येते व दुसऱ्या दिवशीं वजनावर जाते.

ह्यासाठीं संग्राहक बंधूंस आमच्या कांहीं सूचना आहेत. पहिली ही कीं, वकिलाचा रुमाल सोडतांना त्यांतील कागदांचा क्रम मोडूं नये. एका खटल्याचे कागद एकत्र असतात तोंवरच ते बोलतात. त्यांतील सनद तेवढी काढून घेतली तर सनदहि अर्धी मुकी होते. दुसरी गोष्ट नकलांची. इनाम, देशमुखी, देशपांडेपण, पाटीलकी यांच्या दाव्यांत पक्षकारांनीं अस्सल सनदा कोर्टांत हजर केल्या, त्यांवर निशाणी क्रमांक पडले, आणि वकिलानें आपल्यासाठीं त्यांच्या नकला करून ठेविल्या. अस्सल पुढें हरवली, जळाली किंवा विकली गेली, तरी वकिलाच्या टिपणांत निशाणी क्रमांकासह तिची नक्कल सांपडूं शकते. जी वस्तु संग्राहक बाजूस सारतो तिच्याच पोटांत त्याच्या आवडीची वस्तु असते, ती अशी.

तिसरी सूचना घरच्या वह्यांविषयीं. कीर्द, खतावणी, लग्नाच्या खर्चाची यादी, मुलाच्या शिक्षणासाठीं मुंबई-पुण्यास पाठविलेल्या मनिऑर्डरींच्या पावत्या, आजारपणांतील औषधाच्या चिठ्ठ्या हे सारे चरित्राचे अस्सल कागद आहेत. वकिलीच्या वहींतील जमा व घरच्या वहींतील खर्च जोडून वाचल्याखेरीज त्या काळच्या मध्यम स्थितींतील गृहस्थाचा संसार समजणार नाहीं. चौथी सूचना जतनाविषयीं: कागद उन्हांत पसरूं नये, चिकटपट्टी लावूं नये, वाळवी व कसर पाहून सुती रुमालांत सैल बांधावे, आणि वरती घराण्याचें नांव, मिळाल्याची तारीख व किती कागद आहेत तो आंकडा लिहावा.

घरच्या मंडळींस एक संकोच असतो, तो आम्ही जाणतों. अशिलानें विश्वासानें सांगितलेली गोष्ट वकिलानें बाहेर सांगावयाची नसते, आणि हें बंधन पुत्रपौत्रांसहि आपलें वाटतें. हा संकोच आदरणीय आहे. त्यावर उपाय कागद जाळणें हा नव्हे. नांवें न छापतां अभ्यास करतां येतो. कांहीं रुमाल अमुक वर्षांपर्यंत उघडूं नयेत अशी अट घालून संस्थेकडे देतां येतात. मूळ घरींच ठेवून छायाचित्रें देतां येतात. कागद राहिला तर त्याचें काय करावें हें पुढची पिढी ठरवूं शकेल. तो गेला तर ठरविण्यासारखें कांहींच उरणार नाहीं.

वकिलानें जन्मभर एकच गोष्ट मागितलेली असते: आपल्या पक्षाचा पुरावा पुरता वाचल्याशिवाय निकाल देऊं नये. दादासाहेब खापर्डे यांचा पुरावा राहिला आहे, म्हणून त्यांजविषयीं आपण कांहीं बोलूं शकतों. जुन्या शहरांतील ज्या वाड्यांत अशा ट्रंका आजहि आहेत, तेथल्या मंडळींनीं त्या एकदां उघडून पाहाव्या, यादी करावी, व आम्हांस किंवा जवळच्या कोणत्याहि संशोधन-संस्थेस कळवावें, एवढीच विनंति आहे. पावसाळ्यापूर्वीं हें झाल्यास अधिक बरें. मोर्णेकांठची ओल कागदास सोसत नाहीं.